संजीवनीची भीती : कच-कथेचे एक चित्रकथा-वाचन

फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस घरातल्या एका शाळकरी मुलाला घेऊन मी खोडदला गेलो होतो. जुन्नर तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. परतताना अंधार पडला आणि पश्चिमेला शुक्र व गुरू एकमेकांना खेटून दिसले. १ मार्चला त्यांची युती होती. दिसायला बोटभर अंतर, प्रत्यक्षात मध्ये कोट्यवधी किलोमीटर. पोराच्या डोक्यात परदेशी चित्रकथांतले अंतराळवीर होते. त्याने विचारले, “आजोबा, आपल्यात अशी गोष्ट नाही का? ह्या ग्रहावरून त्या ग्रहावर जायची?”

मी म्हटले, आहे की. गुरूचा मुलगा शुक्राकडे विद्या चोरायला गेला होता.

उत्तर थट्टेने दिले होते, पण ते डोक्यातून जाईना. बृहस्पती म्हणजे गुरू, त्याचा पुत्र कच, आणि शुक्राचार्यांची मृतसंजीवनी. देव आणि असुर यांचे युद्ध चालू आहे. शस्त्रे दोघांकडे आहेत, पण मेलेल्यांना उठवण्याची विद्या एकाच बाजूला. म्हणून देव एका तरुणाला शत्रूच्या गोटात धाडतात. या कथेला अंतराळ-अद्भुतकथा म्हणायला पुराणाचे अभ्यासक तयार होणार नाहीत आणि विज्ञानकथेचे समीक्षक तर नाहीच नाहीत. मला तो शब्द सिद्ध करायचा नाही. मला एवढेच पाहायचे आहे की चित्रकथा वाचणाऱ्याच्या नजरेने, म्हणजे चौकटी मोजत, ही गोष्ट वाचली तर तिच्यात काय दिसते.

माझ्या पिढीची नजर ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने घडवली. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका मराठीतही येत असे. तिच्यात वेताळाचे राज्य होते, अधूनमधून फ्लॅश गॉर्डनही भेटे. ॲलेक्स रेमंडने १९३४ मध्ये काढलेला हा गडी मोंगो ग्रहावर जाऊन सम्राट मिंगशी लढतो. तिथे धोका असतो तो किरणात, यानात, राक्षसात. कचाच्या गोष्टीत धोका आहे तो औषधात. या एका फरकामुळे मला ती मोंगोपेक्षा मोठी वाटते.

आता मूळ कथा पाहू. ती आदिपर्वात, संभवपर्वात येते. प्रचलित पाठात कच तीनदा मारला जातो. पहिल्यांदा असुर त्याचे तुकडे करून लांडग्यांना घालतात. देवयानी रडते, शुक्राचार्य हाक मारतात आणि कच लांडग्यांची शरीरे फाडून बाहेर येतो. दुसऱ्यांदा त्याला वाटून समुद्रात मिसळतात. तिसऱ्यांदा जाळून राख मद्यात कालवतात आणि ते मद्य खुद्द शुक्राचार्यांनाच पाजतात. आता हाक मारली की कच उठणार, पण तो गुरूचे पोट फाडून येणार.

इथे एक जागा आपले कथाकार भराभर ओलांडतात. तिसऱ्या वेळी शुक्राचार्य लगेच विद्या वापरायला तयार होत नाहीत. हा पुन्हा पुन्हा मारला जातो, मी काय करू, तू शोक करू नकोस, अशी ते मुलीची समजूत घालतात. कच आपल्याच पोटात आहे हे तेव्हा त्यांना ठाऊकही नाही. म्हणजे ही टाळाटाळ जिवाच्या भीतीची नव्हे. ज्याच्या हाती बरे करण्याची ताकद आहे त्याला आलेला तो थकवा आहे. नको असताना ताकद वापरावी लागणारा नायक शोधायचा तर तो इथे आहे, आणि तो कच नव्हे. तो एका डोळ्याचा, तापट, असुरांचा गुरू आहे.

मराठीने या कथेवर भरपूर काम केले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ १९१३ चे. नाटकाचे लक्ष मद्यपानावर आहे. मुळातही शुक्राचार्य शुद्धीवर आल्यावर मद्याला शाप देतात, त्यामुळे खाडिलकरांनी काही घुसडले असे म्हणता येणार नाही. पण धोका विद्येतून निघून प्याल्यात गेला. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. कच या कादंबरीचा विवेक आहे, संयमाचे माप आहे, पण जो तीनदा मेला त्याला निवेदन दिलेले नाही. मेल्यावर काय असते हे ठाऊक असलेला एकमेव माणूस तो! खांडेकरांना भोगाविषयी बोलायचे होते, त्यांनी ते केले. तक्रार नाही, नोंद आहे.

मग अनंत पैंची ‘अमर चित्रकथा’. १९६७ साली सुरू झालेल्या या मालिकेत ही गोष्ट आली ती कच आणि देवयानी अशा जोडनावाने. नावातच कल स्पष्ट होतो : ही दोघांची, नाकारलेल्या प्रेमाची गोष्ट. शुक्राचार्य देवयानीचे वडील म्हणून बाजूला उभे राहतात. चित्रकथेच्या माध्यमाचीही यात एक अडचण आहे. एका चौकटीत प्रेत, पुढच्या चौकटीत हसरा तरुण. जिवंत होण्याची क्रिया दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत होऊन जाते. वाचणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही. पान उलटले की काम झाले.

ही पट्टी मला खटकली याचे कारण पुस्तकात नाही, घरात आहे.

आमचे गाव आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. वडिलांना, म्हणजे आण्णांना, पान लागलेल्या माणसावर मंत्र घालता येई. ही विद्या त्यांना त्यांच्या चुलत्याने ग्रहणाच्या रात्री दिली होती. पैसे घ्यायचे नाहीत, आलेल्याला परत धाडायचे नाही, एवढे दोन नियम. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांतून माणसे रात्रीबेरात्री झोळीत घालून आणली जात आणि बहुतेक बरी होऊन चालत जात. ती का बरी होत हे मला फार उशिरा, पुस्तके वाचून कळले. चावणाऱ्या सापांतले बरेचसे बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. अशा माणसाला मंत्रही लागू पडतो आणि अंगाराही.

मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. श्रावणात एका तरुणाला आणले. दंशाची खूण धड दिसत नव्हती, सूज नव्हती, पोट दुखते म्हणत होता. ही मण्यारीची लक्षणे. आण्णांनी मंत्र घातला, कडुनिंबाचा पाला चावायला दिला. तो बोलला, चहा प्याला. पहाटे पापण्या मिटू लागल्या, मग श्वास. मंचरला न्यायला गाडी मिळेपर्यंत सगळे संपले होते.

त्यानंतर आण्णांनी मंत्र घातला नाही. माणसे येत, ते ओट्यावरूनच म्हणत, “दवाखान्यात न्या. वेळ घालवू नका.” लोक चिडत. एका बाईने दारात बसून विचारले होते, “आण्णा, इद्या हाय अन् देत न्हाई, मग कशाला ठिवलीया?” तिला ते काही बोलले नाहीत. गावाने त्यांना घमेंडी ठरवले.

पुढे कधीतरी मी त्यांना कचाची गोष्ट महाभारताच्या भाषांतरातून वाचून दाखवली. पोट फाडण्याचा प्रसंग येईल तेव्हा ते काही बोलतील अशी माझी अपेक्षा. ते पहिल्याच मरणावर थांबले. “मग त्या लांडग्यांचं काय झालं?”

काय झाले असेल? मेले असतील. त्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते. पुढ्यात टाकलेले मांस खाल्ले होते. एका हाकेने कच उठला आणि त्याच हाकेने ती मेली. व्यासांनी हे एका ओळीत सांगितले आहे आणि मी ते अनेकदा वाचूनही पाहिले नव्हते. तिसऱ्या प्रसंगातला पेच, एकाला उठवताना दुसरा फुटतो, हा पहिल्यापासूनच तिथे होता. फक्त तोवर फुटणारे शरीर जनावराचे होते, म्हणून कोणी मोजले नाही. शुक्राचार्यांनी मोजले असेल का? तिसऱ्या वेळची त्यांची टाळाटाळ त्या हिशेबातून आली असे मूळ पाठात म्हटलेले नाही, आणि मी ते व्यासांच्या तोंडी घालणार नाही. पण चित्रकथेत ते दाखवता येते. लांडग्यांची एक चौकट काढली तर पुढच्या सगळ्या चौकटींचा अर्थ बदलतो.

आजच्या खऱ्या संजीवनीलाही ही बाजू आहे. सर्पविषावरची लस घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून बनते. परळच्या हाफकिनमध्ये हे काम पिढ्यान् पिढ्या झाले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर ती चालते. आणि तीच लस एखाद्याच्या अंगावर अशी उलटते की डॉक्टरला दुसरे इंजेक्शन हाताशी भरून ठेवावे लागते. आण्णांनी हे पाहिले असते तर त्यांना आपला पेच ओळखीचा वाटला असता, आणि थोडे हलकेही वाटले असते. इथे निदान धोका आधी सांगितला जातो.

कथेच्या शेवटी देवयानी कचाला शाप देते की तुझी विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मी जिला शिकवीन त्याला फळेल. टीकाकार याला त्याचा मोठेपणा मानतात. मला ती सुटका वाटते. ज्याने ही विद्या आतून, गुरूच्या पोटात बसून शिकली, त्याला ती स्वतःच्या हाताने पुन्हा कधीच वापरावी लागणार नाही.

आण्णांनी मात्र कोणालाच शिकवले नाही. १९९५ च्या ऑक्टोबरात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होते. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो, विचारले नाही. त्यांनी ग्रहण सुटेपर्यंत पाठ भिंतीला टेकवून डोळे मिटून ठेवले, मग अंघोळ केली आणि गुरे सोडायला गेले.