चौकटची राणी : एका थरारक कथेचे वाचन

भंडारा रोड स्टेशनवर लोक मला गळ्यातील पांढऱ्या पट्टीवरून ओळखतात. अगदी अनोळखी प्रवासीसुद्धा ‘फादर, जरा सामानाकडे लक्ष ठेवा’ असे म्हणून पेटी माझ्या पायाशी ठेवतो आणि निश्चिंत मनाने पाणी भरायला जातो. त्या विश्वासात माझे स्वतःचे कर्तृत्व काही नाही, तो त्या पट्टीचा मान आहे. म्हणूनच ‘द मंचुरियन कँडिडेट’ या चित्रपटाच्या अखेरीस त्याचा नायक धर्मगुरूचा काळा वेश घालून, बंदूक बरोबर घेऊन, न्यूयॉर्कमधील एका प्रचंड सभागृहाच्या माळ्यावर चढताना दिसला, तेव्हा माझ्या अंगावर जसा काटा आला तसा इतर प्रेक्षकांच्या अंगावर आला नसावा. खाली हजारो माणसे जमली आहेत आणि अध्यक्षपदाच्या उमेदवाराला गोळी घालायची आहे. पट्टी घातलेल्या माणसाचा संशय कोण घेणार?

या कथेकडे मी वळलो तो आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणामुळे. सरकारची गुप्त खाती माणसाच्या मनाचा ताबा कसा घेतात, याविषयीचे तीन-चार चित्रपट त्याने मोबाईलवर लागोपाठ पाहिले होते. रविवारच्या मिस्सानंतर तो बाजूला थांबला आणि त्याने मला दोन प्रश्न विचारले. असे खरोखर करता येते का? आणि ज्याच्याकडून असे करवून घेतले, त्याला पाप लागते का? पहिला प्रश्न कोणीही विचारील. दुसरा प्रश्न ऐकून मात्र मला बरे वाटले, आणि ‘वाचून सांगतो’ असे आश्वासन मी त्याला दिले. धानाची रोवणी चालू असताना गावे ओस असतात आणि दुपारी धर्मगुरूकडे कोणी फिरकत नाही. त्या निवांत दुपारी मी या प्रकारच्या सर्व कथांची आद्य जननी म्हणता येईल अशी ही कादंबरी वाचून काढली.

रिचर्ड कॉन्डन या अमेरिकन लेखकाने ती १९५९ साली प्रसिद्ध केली. कोरियाच्या युद्धात एक अमेरिकन तुकडी शत्रूच्या हाती सापडते. तिला मंचुरियात नेऊन येन लो नावाचा शास्त्रज्ञ सैनिकांची मने नव्याने घडवितो. रेमंड शॉ हा सार्जंट त्यांतला मुख्य प्रयोग होय. मायदेशी परतल्यावर तो वीर म्हणून गौरविला जातो. परंतु पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडण्याची सूचना कोणी केली आणि त्या डावात चौकटची राणी निघाली, की त्याची स्वतःची इच्छा मावळते. पुढे जो आज्ञा देईल त्याची आज्ञा तो पाळतो आणि सारे विसरतो. त्याचा सावत्र बाप कम्युनिस्टांच्या नावाने आरोळ्या ठोकणारा सिनेटर आहे. सिनेटर मॅकार्थी यांचे ते उघड विडंबन आहे. आणि रेमंडच्या मनाची दोरी ज्या हातात आहे तो हात त्याच्या स्वतःच्या आईचा आहे.

१९६२ साली जॉन फ्रँकनहायमर यांनी या कथेवर चित्रपट काढला, आणि माझ्या मते तो कादंबरीहून सरस आहे. एकच प्रसंग पाहावा. बंदी केलेले सैनिक एका व्याख्यानाला बसले आहेत. बागकाम मंडळाच्या वयस्क स्त्रियांची सभा आहे आणि फुलझाडांवर कंटाळवाणे भाषण चालले आहे. कॅमेरा सावकाश गोल फिरत पूर्ण वळसा घेतो, आणि परत येतो तेव्हा त्या स्त्रियांच्या जागी लष्करी अधिकारी बसलेले असतात. सैनिकांना मात्र अजूनही टोप्या घातलेल्या बायकाच दिसत आहेत. याच सभेचे स्वप्न एका कृष्णवर्णीय सैनिकाला पडते, तेव्हा त्यातील स्त्रियाही कृष्णवर्णीय असतात. दिग्दर्शकाने यावर एक अक्षरही भाष्य केलेले नाही, पण मर्म तेथेच आहे. माणसाला फसविणारे खोटे बाहेरून आयते आणून बसविता येत नाही. ते त्याच्याच आठवणींच्या, त्याच्याच घरातील सामानाने उभारावे लागते. त्या सभेत रेमंड हुकमानुसार आपल्या एका सोबत्याचा गळा दाबतो, तो सोबतीही शांतपणे बसून राहतो, आणि इतर जण कंटाळलेल्या चेहऱ्याने पाहत राहतात.

सुटून आलेले सगळे सैनिक रेमंडविषयी विचारले असता पाठ केल्याप्रमाणे एकाच साच्यातील स्तुती करतात. वास्तविक तो कोणालाच आवडत नसे. (आपल्याकडील काही सत्कार-समारंभांची मला येथे आठवण झाली, ते असो.) त्याचा वरिष्ठ अधिकारी मार्को याला पहिला संशय येतो तो या स्तुतीमुळेच. आपले तोंड जे बोलते ते आपल्याला वाटत नाही, ही जाणीव त्याच्या सुटकेचा आरंभ ठरते.

आता या कथेचे मूळ पाहू. ते आपल्या, म्हणजे कॅथॉलिक समाजाच्या, अगदी जवळचे आहे. हंगेरीचे कार्डिनल योझेफ मिंडसेंटी यांना तेथील कम्युनिस्ट राजवटीने २६ डिसेंबर १९४८ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, अटक केली. फेब्रुवारी १९४९ मध्ये बुडापेस्टच्या न्यायालयात ते उभे राहिले ते हरवलेल्या नजरेने, आणि त्यांनी बऱ्याच आरोपांची कबुली दिली. त्यांना जन्मठेप झाली. जगभर प्रश्न उठला की अशा करारी पुरुषाचे काय केले असेल? कोणते औषध दिले असेल? १९५० साली एडवर्ड हंटर या पत्रकाराने ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द इंग्रजीत रूढ केला. कोरियातील युद्धकैद्यांपैकी २१ अमेरिकनांनी मायदेशी परतण्यास नकार दिला, तेव्हा ही भीती घरोघर पोहोचली. कॉन्डनची कादंबरी या भीतीचे अपत्य आहे.

कार्डिनलांनी पुढे आपल्या आठवणींत जे सांगितले ते मात्र कादंबरीसारखे नाही. रबरी दंडुक्याचा मार, झोप न मिळणे, रात्रीमागून रात्र तेच ते प्रश्न. अटकेपूर्वीच त्यांनी लिहून ठेवले होते की मी काही कबूल केलेच, तर ती मानवी दुर्बलता समजावी. कबुलीवर सही करताना त्यांनी नावापुढे दोन लॅटिन अक्षरे घातली. ‘जबरदस्तीमुळे केले’ या अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरे होती. पोलिसांना ती कळली नाहीत. १९५६ साली हिंकल आणि वुल्फ या अमेरिकन डॉक्टरांनी अशा कबुल्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही गूढ असे काही सापडले नाही. एकांत, थकवा, निद्रानाश आणि भीती, एवढेच हाती लागले. जुन्या काळच्या कोतवालालाही ठाऊक असलेली ही साधने!

पण हा अभ्यास पुढे येण्याआधीच अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने ठरविले होते की शत्रूकडे मन उघडण्याची किल्ली आहे, तर आपल्याकडेही ती हवी. १३ एप्रिल १९५३ रोजी सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस यांनी ‘एमके-अल्ट्रा’ या गुप्त योजनेस मंजुरी दिली. सिडनी गॉटलीब हा रसायनतज्ज्ञ तिचा सूत्रधार होता. त्याच नोव्हेंबरात फ्रँक ऑल्सन या सरकारी शास्त्रज्ञाला नकळत पेयातून एलएसडी पाजण्यात आले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून त्याचा मृत्यू झाला. पेयात काय घातले होते, हे त्याच्या कुटुंबाला १९७५ साली कळले. माँट्रियलमध्ये डॉ. युएन कॅमरून या नामवंत मानसोपचारतज्ज्ञाने उदासीनतेसारख्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे औषधाने निजविले, विजेचे झटके दिले आणि एकच वाक्य हजारो वेळा ध्वनिफितीवर ऐकविले. या कामाला काही वर्षे एका नाममात्र संस्थेमार्फत सीआयएचा पैसा मिळत होता. कित्येकांची स्मृती कायमची गेली. १९७३ साली योजनेची कागदपत्रे नष्ट करण्यात आली, पण चुकून शिल्लक राहिलेले हिशेबाचे कागद १९७७ मध्ये सापडले आणि अमेरिकन सिनेटपुढे १४९ उपप्रकल्पांची माहिती आली. रेमंड शॉ मात्र एकही निर्माण झाला नव्हता.

म्हणजे तरुणाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, मन मोडता येते. परक्याच्या हुकमाने चालणारे नवे मन बसविता येत नाही. पण मला अस्वस्थ करते ते निराळेच. कार्डिनलांवर जो अत्याचार झाला म्हणून स्वतंत्र जग हळहळले, त्याच स्वतंत्र जगाच्या रक्षकांनी त्याच अत्याचाराची तालीम आजारी बायाबापड्यांवर केली. हेतू चांगला होता ना!

याच ठिकाणी मी कादंबरी आणि चित्रपट समोरासमोर ठेवतो. चित्रपटात मार्को रेमंडपुढे सगळ्या चौकटच्या राण्याच असलेला जोड पसरतो आणि त्याच्या मनावरील पकड तोडू पाहतो. ती तुटली की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. माळ्यावरून रेमंड आपल्या सावत्र बापाला आणि आईला गोळी घालतो आणि मग स्वतःला संपवितो. हे भयंकर पाप आहे, परंतु ते त्याचे स्वतःचे आहे, निदान तसा संभव दिग्दर्शकाने राखला आहे. कादंबरीत तेच घडते, पण ती असे सुचविते की त्या गोळ्या मार्कोच्या हुकमाने सुटल्या. सज्जन मार्कोने तोच पत्ता वापरला, आणि लेखकाला त्यात काही वावगे वाटले आहे असे दिसत नाही. कॉन्डनची शैली चटपटीत आहे, उपहास धारदार आहे, विज्ञानाची परिच्छेदच्या परिच्छेद पेरणी मात्र कंटाळवाणी आहे. हे सारे मी त्याला माफ करीन. पण रेमंड शेवटपर्यंत कोणा ना कोणाच्या हातातील बंदूकच राहतो आणि वाचकाने सुटकेचा निःश्वास टाकावा अशी अपेक्षा ठेवली जाते, हे कादंबरीचे खरे अपयश आहे. २००४ साली याच कथेवर पुन्हा चित्रपट निघाला. त्यात चिनी शास्त्रज्ञाच्या जागी मोठी कंपनी आणि पत्त्याच्या जागी शरीरात बसविलेले यंत्र आले. यंत्र आले आणि गूढ गेले, अधिक लिहिण्यासारखे त्यात नाही.

सेमिनरीत आम्हाला शिकविले होते की, गंभीर पापाला पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते. तेव्हा त्या सभेत सोबत्याचा गळा दाबणारा रेमंड पापी ठरत नाही. पत्ता दाखविणारा ठरतो, मग तो येन लो असो, आई असो की मार्को. हे तरुणाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर.

आणि पत्ता दाखविण्याचा मोह आपल्याकडेही आहे. मुद्रांक घोटाळ्याच्या प्रकरणात आरोपींना गुंगीचे औषध टोचून प्रश्न विचारण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली हरकत घेतली नव्हती. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात एका तरुणीला दोषी ठरविताना मेंदूतील विद्युत्लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. त्या काळी कोठेही गुन्हा घडला की चहाच्या टपरीवर ‘नार्को करा’ ही मागणी ठरलेली असे. अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, संमतीवाचून अशा चाचण्या करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ यांचा भंग होय. पोप बारावे पायस यांनी ३ ऑक्टोबर १९५३ रोजी दंडविधानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना तपासातून शारीरिक-मानसिक छळाबरोबर नार्को-विश्लेषणही वगळावे असे सांगितले होते. एमके-अल्ट्राच्या मंजुरीला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सदसद्विवेकबुद्धीला माणसाचा सर्वांत आतला गाभारा मानले. गाभाऱ्याचे दार बाहेरून फोडायचे नसते.

हे मी प्रवचनातून अनेकदा सांगितले आहे, म्हणून पुढील गोष्ट सांगणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी चर्चमधील दानपेटी फोडली गेली. संशय गेला तो आवारातील गवत कापणाऱ्या मजुरावर. मंडळींनी पोलिसांत कळविले. ‘जरा दम दिला की बोलेल,’ असे कोणीतरी म्हणाले आणि मी गप्प राहिलो. दानपेटी गरिबांसाठी होती, माझा हेतू चांगलाच होता. तीन दिवस त्याला सकाळी बोलावीत आणि अंधार पडल्यावर सोडीत. चौथ्या दिवशी त्याने कबुली दिली. महिनाभराने खरा चोर दुसऱ्याच चोरीत सापडला आणि आमच्या पेटीचे कुलूप त्याच्याकडे मिळाले.

मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. मग न राहवून विचारले, ‘बाबा, न केलेली चोरी कबूल का केलीस?’ तो बराच वेळ विळ्याला धार लावीत राहिला. मग म्हणाला, ‘फादर, तिसऱ्या दिवशी मलेच वाटाले लागला का पैसे मीच घेतलो असन.’