‘स्वामी’तला एकटा पेशवा

रणजित देसाईंची ‘स्वामी’ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अकरावीत होतो. थेऊरच्या प्रकरणांशी आल्यावर पुस्तक उशीखाली ठेवून रडलो होतो. पुन्हा सलग वाचली ती थेट अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर. या वेळी डोळे कोरडे राहिले आणि थोडा रागही आला. तो कादंबरीवर किती आणि स्वतःवर किती, हे तपासण्यासाठी हा लेख.

माधवरावांच्या चरित्रात एकटेपणाला कारणे भरपूर आहेत. १७६१ साली पानिपत झाले, काही महिन्यांत वडील गेले आणि सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे अंगावर आली. १७६२मध्ये आळेगावच्या लढाईनंतर राज्य दुभंगू नये म्हणून हा मुलगा आपण होऊन चुलत्याच्या, रघुनाथरावांच्या, छावणीत गेला. त्याच चुलत्याचा १७६८ साली धोडपला पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवावे लागले. आई गोपिकाबाई दुरावून गंगापुरी जाऊन राहिल्या. पुढे क्षय, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला मृत्यू. वय सत्तावीस.

देसाई हे सगळे रमाबाईंच्या महालात घेऊन जातात. दरबारात जे बोलता येत नाही ते तिथे बोलले जाते. स्वतःला ‘आम्ही’ म्हणणारा हा माणूस किती एकटा आहे, हे रमाबाईंना आणि त्यांच्यासोबत वाचकाला कळते. कादंबरी लोकप्रिय झाली ती मुख्यतः या संवादांमुळे, आणि ते लोभस आहेत हे मान्यच करायला हवे. पण त्यांची एक किंमत आहे. पेशव्याचे एकटेपण राज्यकारभाराचा प्रश्न राहत नाही, त्याचा दागिना होतो. आपण हळहळतो. या माणसाने कोणाला विचारायला हवे होते, कोणाचे ऐकायला हवे होते, असले रुक्ष प्रश्न त्या हळहळीत सुचत नाहीत.

‘स्वामी’ १९६२ची. त्याच वर्षी वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले. तिथेही राजा घरात आणलेला आहे, पण घरच जखमेचे ठिकाण आहे. बाप, मुलगा, सावत्र आई, कोणीच कोणाला पुरे पडत नाही. एकटेपणाला विसाव्याची जागाच न देणारे हे नाटक मला आज अधिक खरे वाटते.

रामशास्त्री प्रभुण्यांची ती कथा मराठी वाचकाला नवी नाही. ग्रँट डफनेही ती नोंदवली आहे. शास्त्री कामासाठी येतात तो पेशवे जपात गढलेले. ते निरोप मागतात: ब्राह्मणाचा आचारच करायचा तर दोघेही काशीला जाऊ, नाहीतर रयतेचे काम पाहावे. माधवराव जप सोडतात. ही कथा आपण निःस्पृहतेचा धडा म्हणून सांगत आलो. मला ती आता एकटेपणाची कथा वाटते. सतराअठरा वर्षांच्या, घरातच शत्रू असलेल्या मुलाला जप हीच सुरक्षित खोली वाटली असेल, आणि शास्त्र्यांनी तिचे दार वाजवले. रमाबाई त्याचे दुःख ऐकतात. शास्त्री त्याला माणसांत परत आणतात. दोन्हींची गरज असते, पण मराठी वाचकाने आठवणीत जपले ते थेऊर.

माझी खोली पुस्तकांची होती. मी शिक्षक-खोलीत शिरलो की बोलणे थांबायचे. पहिल्या वर्षी ते लागले, नंतर मी जाणेच सोडले आणि मधल्या सुट्टीत केबिनचे दार लावून वाचत बसू लागलो. तो एकटेपणा पदाबरोबर येणारच, अशी माझी समजूत होती. तीत थोडा ‘स्वामी’चाही वाटा होता, आणि थोडी ऐटही. त्या काळात वेळापत्रकाचा एक निर्णय मी कोणाशीही न बोलता घेतला. तो दोन वर्षे चुकीचा चालला.

निरोप समारंभानंतर एक सहशिक्षिका म्हणाल्या, “सर, ते वेळापत्रक चुकलंय हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी दोनदा तुमच्या दारापर्यंत आले होते. तुम्ही वाचत होता.”

मी काय वाचत होतो, ते मला आठवेना.