खाण, रेल्वेचे यार्ड आणि रोजंदारी : गावाच्या अंताची काही कथने

औद्योगिकीकरणाने गाव उद्ध्वस्त केले, हे विधान भारतीय कादंबरीच्या समीक्षेत इतक्या सहजपणे केले जाते की, त्या वाक्यातील कर्ता नेमका कोण आहे हे तपासण्याची आवश्यकता आपल्याला भासत नाही. वास्तविक कादंबरीत ‘औद्योगिकीकरण’ कधीच अवतरत नाही. अवतरतो तो मुकादम, आगगाडीचा फलाट, आठवड्याचा पगार. गाव मोडण्याची क्रिया कोणाच्या हातून घडताना दाखविली आहे, आणि तिचा दोष अखेरीस कोणाच्या पदरी टाकला आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळे असून प्रस्तुत निबंधाचा रोख दुसऱ्या प्रश्नावर आहे.

पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ (१९७७) ही कोकणी कादंबरी विद्या पै यांच्या इंग्रजी अनुवादामुळे २००२ पासून गोव्याबाहेर वाचली जाऊ लागली. लोहखनिजाची खाण सुरू होते आणि शेतीवर जगणाऱ्या पंढरीचे घर हळूहळू विस्कटत जाते. गोव्यातील खाणींचे परवाने पोर्तुगीज राजवटीत दिले गेले होते. १९६१ च्या मुक्तीनंतरही ते चालू राहिले व १९८७ च्या कायद्याने त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. उघड्या खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग पावसाळ्यात वाहून शेतांत आणि ओहोळांत उतरतात, हा या प्रदेशाचा नित्याचा अनुभव होय. जमिनीचा ऱ्हास आणि कुटुंबाचा ऱ्हास यांना समांतर नेण्याचे नायक यांचे कौशल्य वादातीत आहे. परंतु या समांतर रचनेतच एक गफलत दडली आहे. जमीन बिघडते ती खाणीमुळे. घर मात्र ‘बिघडते’ ते रुक्मिणीच्या मुकादमाशी जडलेल्या संबंधामुळे, असा भास निर्माण होतो. परवानाधारक कथनाच्या परिघावर राहतो आणि स्त्रीचे शरीर केंद्रस्थानी येते. अनेक अभ्यासकांना यात ‘भूमाता आणि स्त्री’ हा आदिबंध दिसेल. मला त्यात दोषाचे स्थलांतर दिसते.

ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या ‘हांसुली बाँकेर उपकथा’ या १९४० च्या दशकातील बंगाली कादंबरीशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बीरभूम जिल्ह्यात कोपाई नदीने गळ्यातील हांसुलीसारखे वळण घेतले आहे. तेथील बाँसबादीत पालख्या वाहणारे कहार राहतात. जवळच्या चंदनपुरात रेल्वेचे काम आहे, आणि कहारांचा म्होरक्या बनवारी आपल्या माणसांना तिकडे जाण्यास मज्जाव करतो. तेथे गेलेल्या बायका बिघडतात, जात जाते, हे त्याचे कारण. म्हणजे ‘अच्छेव’मध्ये जो निष्कर्ष कथनाच्या रचनेतून निघतो, तो येथे एका पात्राच्या तोंडी आहे. हा फरक लहान नाही. बनवारीचे म्हणणे हे बनवारीचे आहे. त्यामागे त्याची सत्ता आहे, त्याची भीती आहे, आणि जमीनमालकांशी निष्ठेने वागून कहारांना टिकवून धरण्याचे त्याचे गणितही आहे. त्याच्यासमोर करालीला उभे करून ताराशंकर हे गणित वाचकासमोर मांडतात. बांबूच्या बनातून रात्री येणाऱ्या शिट्टीने गाव घाबरलेले असते. कराली त्या सापाला मारतो, आणि तो साप दैवताचे वाहन होता असे गाव म्हणते. यार्डात मजुरी करणारा हा तरुण शिट्टीचा उगम शोधतो आणि गावाने घातलेली बंदी झुगारतो. या दोन कृती मुळात एकच आहेत.

तथापि कराली हा ‘प्रगती’चा प्रतिनिधी, ही उपपत्तीही टिकत नाही. युद्धाच्या काळात ते बांबूचे बन तोडले जाते, पूर येतो, वळणावर वाळू पसरते. करालीने जे सोडले ते दुसऱ्या कोणी तरी आधीच खरेदी केलेले असते. स्वतः जमीनदार घराण्यातील असूनही ताराशंकरांनी जुन्या गावाचे चित्र रंगवताना कहारांवरील हीनत्वाचा शिक्का पुसलेला नाही. देशीवादाच्या चौकटीत ही कादंबरी वाचणाऱ्यांनी या जागी क्षणभर थांबावे, असे सुचवावेसे वाटते. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले होते की, प्रत्येक पिढीला सुखी गाव आपल्या नुकतेच मागे पडलेले दिसते. बनवारीला ते दिसते. करालीला दिसत नाही, कारण त्याला ते कधी मिळालेच नव्हते.

विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’चा (१९९१) येथे केवळ प्रतितुलनेसाठी उल्लेख करतो. धरणाखाली जाणाऱ्या गावाला नोटीस येते, मोजणी होते, मोबदला ठरतो. विस्थापनाच्या कर्त्याची सही कागदावर असते, म्हणून तेथे संतापाला पत्ता सापडतो. रोजंदारीला असा कागद नसतो. खाणीवर जाण्याचा हुकूम पंढरीच्या घरी आलेला नाही. त्यामुळे जो गेला त्यालाच गुन्हेगार ठरविणे सोपे जाते.

दामोदर मावजो यांच्या ‘कार्मेलीन’मध्ये (१९८१) मजुरी गावात येत नाही, स्त्रीच तिच्यामागे कुवेतला जाते. आया म्हणून राबताना तिचे लैंगिक शोषण होते. घटनेचा सांगाडा रुक्मिणीच्या कथेपासून फार दूर नाही, आणि तरीही कादंबरी तिला गावाच्या अधःपतनाची खूण बनवीत नाही. घरी पाठविलेला पैसा, मागे राहिलेली मुलगी, स्वतःविषयीची घृणा आणि तरीही सुटत नसलेला हिशेब हे सारे आपल्याला कार्मेलीनच्याच मनातून कळते. मला तरी गोव्याच्या बदलत्या लोकवस्तीचे चित्र या एका स्त्रीच्या हिशेबातून अधिक खरे वाटते.

‘अच्छेव’चे वाचन आज आणखी एका कारणाने बदलले आहे. शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रक अंगणात उभे राहिले. त्यांचे हप्ते भरणारी माणसे खाणी पुन्हा सुरू करा म्हणून रस्त्यावर आली. ती याच पट्ट्यातील, म्हणजे एका अर्थी पंढरीचीच नातवंडे होती. खाणीपूर्वीच्या शेताकडे परतण्याची वाट त्यांच्यापुढे नव्हती, कारण ते शेत गाळाखाली होते. किनाऱ्यावरील हॉटेलांत मिळेल ते काम, हाच काय तो पर्याय. त्यांच्या मागणीला ‘अधःपतन’ म्हणावयाचे तर कादंबरीने ज्या सोयीने रुक्मिणीकडे बोट दाखविले, तीच सोय समीक्षकालाही घ्यावी लागेल.

‘हांसुली बाँक’च्या अखेरीस कराली वाळू उपसून खालची माती शोधतो, हे बहुतेक अभ्यासकांनी आशेचे चिन्ह मानले आहे. त्याच शेवटातील वृद्ध सुचाँदकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. वळणाची सारी उपकथा तिला मुखोद्गत आहे, आणि ती आता चंदनपुरात, बनवारीने ज्या गावी जाण्यास बंदी केली होती तेथे, येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगत असते.