‘चाल अमुक’ हेही नोटेशनच

शाहिराला विचारा, ‘हा पोवाडा कुठल्या रागात?’ बहुधा तो रागाचं नाव सांगणार नाही. चाल सांगेल आणि पेटीवाल्याला पट्टी सांगेल: काळी एक, पांढरी चार. यावरून ‘यांना शास्त्र नाही’ असं म्हणून मोकळं व्हायची आपल्या समीक्षेला सवय आहे. आज तीच सवय तपासू.

आधी पट्टी. पट्टी म्हणजे षड्ज कुठे धरायचा. हे शब्द पेटीबरोबर आले. तुणतुण्याला एकच तार. खुंटी पिळून ती गाणाऱ्याच्या गळ्याशी मिळवायची. आता बघा, पलुसकर-भातखंड्यांच्या स्वरलिपीतला ‘सा’सुद्धा कुठल्याही पट्टीत धरता येतो. म्हणजे इथं शाहीर आणि शास्त्र एकाच बाजूला आहेत.

रागाचं काय? पोवाड्यात भूपाचे पाच स्वर दिसले की अभ्यासक लगेच ‘भूप’ लिहितात. पण नुसते स्वर म्हणजे राग नव्हे. चलन, वादी-संवादी नको का बघायला? ही चिठ्ठी शास्त्राच्याच कसोटीवर उतरत नाही.

आता चाल. जुन्या पदांच्या आणि भजनांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून दुसऱ्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’मध्येही (१८८०) हीच पद्धत आहे. माझं म्हणणं असं की, हे नोटेशनच आहे. ते स्वर लिहीत नाही, ऐकणाऱ्याच्या आठवणीकडे बोट दाखवतं. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशातल्या ओळखीच्या चालींवर नवे विचार बसवले, ते याच बळावर. समोरच्या माणसाला सारेगम येत नव्हतं, चाल येत होती.

उलट, आपल्या कोल्हापूरच्या पिराजीराव सरनाईकांचा पोवाडा नुसत्या स्वरलिपीवरून उभा करून बघा. स्वर सापडतील. पण गाणं कुठं बोलण्यात उतरतं, ओळीचं टोक किती ताणायचं, झीलकऱ्यांनी ‘जी जी’ नेमकं कधी उचलायचं, हे कागदावर कसं मांडणार? पोवाड्याचा जीव तर तिथंच असतो.

म्हणून ‘स्वरलिपी नको’ असंही मी म्हणत नाही, बरं का. चालीच्या पद्धतीत एक मोठा धोका आहे. जिच्याकडे बोट दाखवलं, ती मूळ चालच लोक विसरले तर? मग छापलेलं पद हातात राहतं आणि गाणं जातं. अशी मुकी झालेली पदं जुन्या पुस्तकांत कितीतरी आहेत.

तेव्हा शाहिरी जतन करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: स्वरलिपी जरूर लिहा, पण शेजारी ध्वनिमुद्रण ठेवा, मूळ चालीचं नाव ठेवा, झील कुठं पडते ते टिपा. आणि रागाचं नाव घालायची घाई करू नका. शाहिरानं ज्या नावानं ती चाल ओळखली, ते नाव आधी लिहा.