शब्द ओळखायला उशीर का होतो?

पडद्यावर अक्षरे उमटतात. हा खरा शब्द की निरर्थक, ते बटण दाबून सांगायचे. या चाचणीत साठीपुढची माणसे विशीतल्या विद्यार्थ्यांपेक्षा हळू ठरतात. चुका मात्र सहसा जास्त करीत नाहीत. मग मेंदू मंदावला म्हणायचे का?

जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाचे मायकेल रॅम्स्कार व सहकारी यांनी २०१४ साली याला ठाम नकार दिला. त्यांनी संगणकाला थोडा आणि पुष्कळ मजकूर 'वाचायला' दिला. पुष्कळ वाचलेला संगणक वृद्धांसारखाच हळू निघाला. कोठार मोठे, म्हणून शोधायला वेळ जास्त!

युक्तिवाद आम्हाला आवडला. पण लेखाचे शीर्षक बुद्धीच्या ऱ्हासाला चक्क मिथक ठरवते, ते पटत नाही. संगणकाला ना डोळे, ना बोटे. (चाळिशी नाकावर आल्यावरच हे सुचले, हे कबूल.) अनुभवानेही वेग घटू शकतो, एवढेच यातून दिसते; वयाने घटत नाही, हे नव्हे.

शिवाय अमेरिकेत रॅटक्लिफ, थापर, मॅकून व सहकारी यांनी २००४ मध्येच अशा चाचणीतला वेळ गणिताने सुटा केला होता. शब्दाविषयीची माहिती हाती येण्याचा वेग वृद्धांत कमी नव्हता. उशीर होत होता तो उत्तरापूर्वी अधिक खात्री करून घेण्यात, आणि अक्षरे टिपणे, बटण दाबणे यांत. कोठारातला शोधच रेंगाळत असता, तर आधी तो वेग घटायला हवा होता.