तेलुगूकडून आपण घेतलं काय?

मराठवाड्याला तेलुगू सिनेमा पाठ आहे, असा आपला सगळ्यांचा गोड गैरसमज आहे. आमच्या बिडकीनच्या स्टँडजवळच्या कुठल्याही हॉटेलात दुपारी चहा घ्यायला बसा. भिंतीवरच्या टीव्हीत नागार्जुन नाहीतर चिरंजीवी हिंदी बोलत कुणाला तरी उचलून आपटत असतो. ‘मास’चा ‘मेरी जंग : वन मॅन आर्मी’ झाला, ‘इंद्रा’चा ‘इंद्रा : द टायगर’ झाला आणि त्यावर वाढलेली पोरं आता स्वतः कॅमेरा घेऊन उभी आहेत. एका लघुपट स्पर्धेचा परीक्षक होण्याची मला अवदसा आठवली म्हणून हे सगळं कळलं. दर दुसऱ्या लघुपटात काळ्या स्कॉर्पिओचं दार उघडतं, कोल्हापुरी चप्पल सावकाश मातीला टेकते, मागे ढोल सुरू होतो आणि सरपंचाचा पुतण्या चष्मा काढतो. दुष्काळावरच्या लघुपटातसुद्धा! कर्ज काढलेला शेतकरीही तिथे संथ गतीनेच चालतो.

पोरांचा राग नाही. त्यांच्यापुढे जे वाढलं गेलं तेच त्यांनी खाल्लं. राग याचा आहे, की तेलुगू सिनेमा म्हणून आपण नेमकं तेच उचललं ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नव्हतं; आणि ज्या तेलुगू दिग्दर्शकाशी आपली सोयरीक निघावी, त्या बी. नरसिंग राव यांचं नाव घेतलं तर समोरचा तोंडाकडे बघतो.

बाकीच्यांचा हिशोब आधी उरकून घेतो. राजमौलींबद्दल एवढंच, की ‘ईगा’मधली माशी हे त्यांचं सगळ्यात माणसासारखं पात्र आहे. ‘पुष्पा’ला श्रेयस तळपदेचा आवाज मिळाला म्हणून तो आपल्याला घरचा वाटला, त्यापलीकडे चर्चेचं काही नाही. दिग्दर्शक क्रिश यांच्या ‘गौतमीपुत्र सातकर्णी’ला (2017) मात्र चार ओळी जास्त द्याव्या लागतील, कारण तो आमच्या उंबऱ्यातला विषय होता. बिडकीनहून पैठण अर्ध्या-पाऊण तासावर. तेच प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. सातकर्णीच्या आईचा, बलश्रीचा, लेख नाशिकच्या लेण्यात आहे. त्याने नहपानाच्या नाण्यांवर आपला छाप मारला, ती हजारो नाणी 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडली. क्रिश यांनी या राजाला अमरावतीचा केला. त्याच नावाची नवी राजधानी आंध्रात तेव्हा उभी राहत होती, त्यामुळे हा योगायोग कुणाला खटकला नाही. बालकृष्णांचा तो शंभरावा चित्रपट. दोन्ही तेलुगू राज्यांनी करमणूक कर माफ केला. पैठणात कुणी निषेधही केला नाही. निषेधाला आधी चित्रपट माहीत लागतो.

पण राजा त्यांनी नेला तर नेऊ द्या. राजे कुणीही न्यावेत, मराठीतही सध्या दुसरं काही निघत नाही. दिग्पाल लांजेकरांच्या पटांत किल्ले बदलतात, घोषणा त्याच राहतात. माझं दुखणं वेगळं आहे. ‘दासी’ त्यांना करता आली आणि आपल्याला आली नाही.

नरसिंग रावांची ‘दासी’ 1988 ची. त्या वर्षीचे पाच राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाले: उत्कृष्ट तेलुगू चित्रपट, अभिनेत्री अर्चना, अपूर्व किशोर बीर यांचं छायाचित्रण, चित्रकार वैकुंठम यांचं कलादिग्दर्शन आणि वेशभूषा. पुरस्कारांनी चित्रपट मोठा होत नाही, पण ही यादी बघा. यात बघण्याची कामं आहेत. संवादाचं बक्षीस तेव्हा नव्हतंच. असतं आणि मिळालं असतं तर मला आश्चर्य वाटलं असतं, कारण ‘दासी’त बोलणं असं जवळजवळ नाहीच.

काळ 1920 च्या आसपासचा, जागा तेलंगणातली एक गढी. लग्नात नवरीबरोबर आंदण म्हणून मुली धाडायची तिकडे चाल होती. भांडीकुंडी, जनावरं, तशा मुली. कमलाक्षी त्यांच्यातली. झाडलोट, पाणी, मालकिणीची सेवा. रात्री दोराचं, म्हणजे जमीनदाराचं, बोलावणं आलं की जायचं, पाहुणा आला आणि दोराने सांगितलं तर त्याच्याकडेही जायचं. पुढे तिला दिवस जातात. तिला मूल हवं असतं, गढीला नको असतं. आणि जे गढीला नको ते राहत नाही. एवढीच गोष्ट. नरसिंग रावांनी ती कशी सांगितली ते महत्त्वाचं. कॅमेरा तिच्या चेहऱ्याला चिकटून आसवं गोळा करत बसत नाही. दूर उभा राहतो. गढीचा चौक, खांब, ओसरी आणि त्यात कुठेतरी ती, काम करत. आधी आपण वास्तू बघतो, मग कळतं, की या वास्तूत ती वस्तूसारखीच ठेवलेली आहे. वैकुंठम म्हणजे ठसठशीत कुंकवाच्या, भरजरी रंगांच्या तेलंगणी बायका रंगवणारे. त्यांच्या हातची ही गढी मात्र गप्प आणि थंड आहे.

याच मातीतले आधीचे चित्रपट आठवा. बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्ये (1974) शेवटी पोरगं दगड भिरकावतं. ‘निशांत’मध्ये (1975) गाव उठतं आणि जमीनदाराच्या वाड्यात रक्त सांडतं. गौतम घोष यांच्या ‘मा भूमी’त बंदुका निघतात, गद्दर पडद्यावर येऊन गातात. त्या ‘मा भूमी’चे निर्माते नरसिंग रावच होते, म्हणजे बंदुकीचा सिनेमा त्यांना येत नव्हता असं नाही. आठ वर्षांनी स्वतः गढीत शिरले तेव्हा त्यांनी दगडही ठेवला नाही. प्रेक्षकाला हातात धरून घरी न्यायला काहीच दिलं नाही. ‘अंकुर’ बघून आपण चांगले झाल्यासारखं वाटतं. ‘दासी’ बघून तसं वाटत नाही. माझ्या मते ‘दासी’ त्या तिन्हींपेक्षा मोठी आहे, बेनेगलांचा सगळा मान राखून.

आणि हे करणारा माणूस कोण? 1946 साली मेदक भागातल्या गजवेलजवळच्या प्रज्ञापूरला जमीनदाराच्या घरात जन्मलेला. चित्रकार, छायाचित्रकार, हैदराबादच्या नाट्यचळवळीतला. गढीच्या आत वाढलेल्या पोराने गढीच्या मोरीपाशी कॅमेरा नेला. आमच्याकडे गढ्यांचे वारस काय करतात? पडक्या बुरुजापुढे उभं राहून ‘आमच्या वैभवाचे साक्षीदार’ म्हणून फोटो टाकतात, आणि निवडणूक आली की त्याच बुरुजावर झेंडा लावतात.

इथे कुणीतरी म्हणेल, तेलंगणाचं तेलंगणाला, आपला संबंध काय? संबंध असा: निजामाच्या हैदराबाद राज्यात सोळा जिल्हे होते, आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. दोरा तिकडे, देशमुख-वतनदार इकडे, वेठ दोन्हीकडे. गढीच्या दारातून चपला हातात घेऊन जायची रीत काही फक्त गजवेलची नव्हती. 17 सप्टेंबर 1948 हा मुक्तीचा दिवस दोघांचाही. तिकडच्यांनी त्या काळाची आतली बाजू पडद्यावर आणली. आपण दर 17 सप्टेंबरला ध्वज लावतो, हारतुरे करतो, आणि रझाकारांच्या अत्याचारांवर एखादं भाषण ऐकून घरी येतो. रझाकार खलनायक म्हणून सोयीचा आहे, तो बाहेरचा आहे. वतनदार आपल्यातला आहे, म्हणून त्याच्यावर चित्रपट निघत नाही. मी हे जाणूनबुजून कडक शब्दांत लिहितो आहे.

साहित्य नव्हतं अशीही सबब नाही. महानोरांची ‘गांधारी’ त्याच काळात उभी आहे. बोराडे सरांच्या ‘पाचोळा’तला शिंपी, त्याचं मशीन आणि बायकोच्या तोंडून ऐकू येणारी त्याची वाताहत, यापेक्षा तयार पटकथा कुणाला हवी? भास्कर चंदनशिवांच्या एकेका कथेत अख्खा चित्रपट आहे. गंमत बघा, ‘निशांत’ लिहिला विजय तेंडुलकरांनी, आणि ‘कोंडुरा’ ही खानोलकरांची मराठी कादंबरी बेनेगलांनी तेलुगूतही केली, ‘अनुग्रहम्’ या नावाने. म्हणजे मराठी लेखणी तेलंगणाच्या पडद्याला चालली. मराठवाड्याच्या पडद्याला मराठवाड्याची लेखणी चालत नाही. त्याला हवा असतो रीमेक. लातूरच्या रितेश देशमुखांनी दिग्दर्शनात पहिलं पाऊल टाकलं ते ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटाचा ‘वेड’ करून. गाणी छान आहेत. पुढे?

‘दशक्रिया’ विसरलो नाही. बाबा भांडांची कादंबरी, पैठणचा घाट, 2016 चा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. घाटावरच्या राखेतून नाणी चाळणारा भान्या हे मराठी सिनेमातलं अस्सल पात्र आहे. त्याची चाळणी पाण्यात हलते तेवढा वेळ चित्रपट नरसिंग रावांच्या शेजारी बसू शकतो. मग मोठी माणसं बोलायला लागतात, आणि बोलतच राहतात. जे चाळणीने सांगून झालं ते संवादात परत. प्रदर्शनाच्या वेळी विरोध झाला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं, आणि चर्चा भावना दुखावण्याची झाली, सिनेमाची झालीच नाही.

तोच विधी, तीच गोदावरी जिथे पुढे जाते ते राज्य, आणि वेणू येलदंडी यांचा ‘बलगम’ (2023). विनोदी नट म्हणून ओळखला जाणारा हा माणूस दिग्दर्शक म्हणून पहिल्याच चित्रपटात म्हाताऱ्याचं मरण घेऊन बसला. पिंडाला कावळा शिवत नाही. का? घर फुटलेलं आहे. घर कशावरून फुटलं? जावयाच्या ताटात नळी पडली नाही यावरून. मटणाच्या नळीवरून वर्षानुवर्षांचा अबोला! आपल्याकडच्या कुठल्या गावात हे घडलेलं नाही? शेवट सावरायला कुणी वकील किंवा नायक येत नाही. मोगिलय्या आणि कोमुरम्मा हे गावगाण्यातलं खरं जोडपं येतं, मेलेल्याची कहाणी गातं, आणि भावंडं रडायला लागतात. तेलंगणातल्या गावोगावी चौकात पडदा लावून लोकांनी तो एकत्र बघितला. ‘असले चित्रपट लोक बघत नाहीत’ हे वाक्य मराठवाड्यातल्या निर्मात्यांनी आता तरी पुसून टाकावं.

‘बलगम’ मला ‘दासी’इतका मोठा वाटत नाही, तो प्रेक्षकाला शेवटी मोकळं करतो, ‘दासी’ करत नाही. पण ओळ तीच आहे: आपली बोली, आपलं अंगण, आपली माणसं, आणि आपल्याच घरातलं दुखणं. व्यंकटेश महांचा ‘केअर ऑफ कंचरापालेम’ (2018) विशाखापट्टणमच्या वस्तीतल्या साध्या माणसांना नट करून हेच सांगतो. मराठीत जयंत सोमलकरांनी ‘स्थळ’मध्ये ते केलं, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावचेच लोक उभे करून. तेलंगणाला खेटून असलेल्या जिल्ह्यातून हे यावं यात मला नवल वाटत नाही. नवल हे, की औरंगाबादेतून, बीडमधून, परभणीतून ते अजून का येत नाही.

आता विषय नाहीत म्हणाल तर बिडकीनमध्येच फिरा. नरसिंग रावांचा ‘मट्टी मनुषुलु’ (1990) गावाकडून हैदराबादला बांधकामावर आलेल्या मजुरांचा आहे. बिडकीनला शहराकडे जावं लागलं नाही, शहरच शेतात आलं. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी निलजगाव-बिडकीनच्या शिवारातल्या जमिनी गेल्या, मावेजा आला. मावेजा आला तसे बंगले आले, गाड्या आल्या, भावाभावांत वाटणीचे दावे आले, बहिणींना हक्कसोडपत्रं आली. चौपदरी सिमेंटचे रस्ते आले आणि त्यांच्या कडेला कपाशी वेचणाऱ्या बाया रस्ता ओलांडायला उभ्या. टोयोटा, एथर अशा कारखान्यांची नावं घोषित झाली. ज्या घरात मावेजाची शेवटची रक्कम संपली त्या घरातली रात्र कुणी लिहिली आहे? जिने सही केली त्या बहिणीचं तोंड कुणी टिपलं आहे? इथे पोरांना स्कॉर्पिओ सुचते, कारण मावेज्यातून आलेली स्कॉर्पिओ दारात खरोखर उभी आहे. मग तिच्या हप्त्यावर चित्रपट करा, दारावर कशाला करता?

पैसे नाहीत हे मला सांगू नका. अनुदान आहे, मोबाइलवर चित्रण होतं, आणि ड्रोन भाड्याने घ्यायला ज्यांच्याकडे पैसे असतात त्यांनी गरिबी सांगू नये. प्रशिक्षण नाही हे खरं, पण शिकायला आधी बघावं लागतं. म्हणून अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरवणाऱ्यांना आणि आमच्या महाविद्यालयांना जाहीर विनंती: ‘दासी’, ‘मट्टी मनुषुलु’ आणि ‘बलगम’ मराठी उपशीर्षकांसह दाखवा, आणि एकदा शहराबाहेर काढून बिडकीनला, पैठणला, गेवराईला, चौकात पडदा लावून दाखवा. उपशीर्षकांसाठी मुंबईला काम देण्याची गरज नाही. धर्माबाद, बिलोली, देगलूरला घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांना विचारा.