दिवाळे काढण्यापूर्वीचा ताळेबंद : बाल्झाकच्या ‘सेझार बिरोतो’विषयी

आपले कर्ज आता फिटणार नाही हे माणसाला कळते, आणि नंतर कधीतरी तो तसे न्यायालयात लिहून देतो. या दोन गोष्टींच्या मध्ये काही दिवस जातात. कधी काही महिने, कधी वर्षेसुद्धा. कायद्याची पुस्तके अर्ज दाखल झाल्यापासून बोलायला लागतात. नीतिशास्त्राची पुस्तके कर्ज घेतानाच्या वचनावर बोलतात. मधल्या दिवसांविषयी दोघेही जवळपास गप्प असतात. आज आम्ही ज्या कादंबरीवर बोलणार आहोत, तिचे खरे मोल या मधल्या दिवसांच्या चित्रणात आहे. आमची तक्रार अशी, की तिच्या लेखकाने हे मोल स्वतःच कमी करून टाकले.

कादंबरी ‘सेझार बिरोतो’. लेखक ओनोरे द बाल्झाक, साल १८३७. कथानक थोडक्यात सांगतो. बिरोतो हा खेड्यातून पॅरिसला आलेला शेतकऱ्याचा मुलगा. अत्तरे आणि सौंदर्यप्रसाधने विकून तो श्रीमंत होतो, उपमहापौर होतो, सरकारी सन्मानाची फीत मिळवतो. मग त्याला दोन मोह पडतात. मादलेनच्या परिसरातल्या जमिनी स्वस्तात घेऊन महाग विकायच्या, हा एक. घर वाढवून, सजवून मोठा नाच-समारंभ करायचा, हा दुसरा. जमिनीचे पैसे ज्या नोटरीकडे ठेवले तो पळून जातो. सजावटीची बिले दारात येतात. १८१९ च्या जानेवारीत बिरोतो बुडालेला असतो.

आता बघा, बुडालेला माणूस काय करतो? तो ताळेबंद मांडायला बसत नाही. तो नवे कर्ज शोधायला निघतो. केलर बंधूंच्या पेढीवर जातो, तिथून नुसिंजेनकडे, तिथून आणखी कुणाकडे. प्रत्येक ठिकाणी तासन्‌तास ताटकळतो, नम्रपणे हसतो, गोड नकार घेऊन परततो. बायकोला, कोन्स्तान्सला, खरे सांगायला धजत नाही. ही प्रकरणे वाचताना आपला जीव कासावीस होतो, कारण आपल्याला त्याची दया येते. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे दयेपाशी थांबू नये.

कांटने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एक उदाहरण दिले आहे. अडचणीतला माणूस कर्ज मागतो. आपल्याला ते फेडता येणार नाही हे त्याला ठाऊक असते, आणि फेडीन असे वचन दिल्याशिवाय कर्ज मिळणार नाही हेही ठाऊक असते. कांट म्हणतो, असे वचन देणे हा सर्वांसाठीचा नियम होऊच शकत नाही, कारण मग वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही. बहुतेक वाचक हा माणूस लबाड आहे असे गृहीत धरतात. बाल्झाक आपल्याला दाखवतो की तो अगदी सज्जनही असू शकतो. बिरोतोच्या मनात फसवणूक नाही. एवढा हप्ता निभावला की सगळे सुरळीत होईल, असे तो स्वतःलाच सांगत असतो. म्हणजे सावकाराला दिलेले वचन खोटे ठरण्याआधी स्वतःला दिलेला दिलासा खोटा ठरलेला असतो. एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डातून भरणारा आजचा माणूस नेमका इथेच उभा असतो. तो चोर नसतो, पण त्याचे प्रत्येक नवे कर्ज कांटच्या उदाहरणाकडे एक पाऊल सरकत असते.

या फिरतीला आवर घालतो तो पिलरो, कोन्स्तान्सचा काका. लोखंडी सामानाचा निवृत्त व्यापारी. फार बोलत नाही, उपदेश करत नाही. कुणाचे किती, आपल्याकडे काय काय आहे, ते सगळे मांडायला लावतो. फ्रेंच भाषेत दिवाळे जाहीर करण्याला ‘ताळेबंद जमा करणे’ असेच म्हणतात. हा शब्दप्रयोग आम्हाला फार शहाणा वाटतो. अर्जात तुम्ही दया मागत नाही, आधी यादी देता.

ही यादी करणे वरवर कारकुनी वाटते. पण तिच्यात तीन नैतिक कृती दडलेल्या आहेत. पहिली, नवे कर्ज थांबते. दुसरी, सगळे देणेकरी एका कागदावर येतात. दारात येऊन आरडाओरडा करणारा आणि संकोचाने गप्प बसलेला, दोघेही एकाखाली एक, रकमेसह. यादी नसते तोवर पैसे कुणाला जातात? जो जास्त ओरडतो त्याला, किंवा ज्याच्यासमोर आपल्याला लाज वाटते त्याला. तिसरी कृती अशी, की आपल्याजवळचे सगळे सांगावे लागते. बिरोतो शर्टाची पिन, सोन्याचे बक्कल आणि दोन घड्याळेही देऊन टाकतो. बाल्झाक मुद्दाम नोंदवतो की प्रामाणिक माणसाने एवढ्या वस्तू ठेवल्या असत्या तरी चालले असते.

दुसऱ्या कृतीबद्दल आपल्याकडचा कायदाही हेच सांगतो, बरं का. मुंबई शहराला लागू असलेला १९०९ चा नादारीचा कायदा घ्या, किंवा उरलेल्या महाराष्ट्राला लागू असलेला १९२० चा. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एखाद्या देणेकऱ्याला मुद्दाम झुकते माप देऊन पैसे दिले, तर तो व्यवहार रद्द ठरू शकतो. पुष्कळांना हे जाचक वाटते. मेहुण्याचे पैसे आधी चुकते केले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे, की ते पैसे आता एकट्या मेहुण्याचे राहिलेले नसतात. ते दूधवाल्याचे, पतपेढीचे, कारागिराचेही असतात.

आता आमची तक्रार. दिवाळे जाहीर झाल्यावर कायद्याचा जो खेळ चालतो त्याला बाल्झाक तीन अंकी नाटक म्हणतो आणि त्याची यथेच्छ टवाळी करतो. पुढे देणेकऱ्यांशी तडजोड होते, बिरोतो कायद्याने मोकळा होतो. पण बाल्झाकला तेवढे पुरत नाही. बिरोतो नोकरी धरतो, सन्मानाची फीत लावणे सोडतो, ओळखीची माणसे टाळतो आणि पै न् पै फेडतो. १८२३ मध्ये न्यायालय त्याची पत पुन्हा प्रस्थापित करते, आणि त्या आनंदाच्या धक्क्याने तो मरतो. लेखक त्याला जवळजवळ संतपद देतो.

हे असे का झाले, ते समजू शकते. १८०७ च्या फ्रेंच व्यापारी संहितेनुसार मुद्दल, व्याज, खर्च सगळे फेडल्याशिवाय पत परत मिळत नसे. शिवाय बाल्झाक स्वतः छापखान्याच्या धंद्यात १८२८ मध्ये बुडाला होता. नातेवाइकांनी व्यवहार आवरता घेतला म्हणून दिवाळे टळले, पण कर्ज जन्मभर मागे लागले. पासीमधल्या घरात तो खोट्या नावाने राहत असे. जे स्वतःला जमले नाही ते त्याने नायकाकडून करून घेतले, असे म्हणायला वाव आहे. आणि १८३८ मध्ये त्याची ‘नुसिंजेनची पेढी’ ही जोडकथा प्रसिद्ध झाली, तिच्यात पेढीवाला खोटी दिवाळी काढून गब्बर होतो. म्हणजे बाल्झाकच्या जगात दोनच वाटा उरतात, हुतात्मा किंवा ठग.

पण दिवाळखोरीचा कायदा आहे तो या दोघांच्या मधल्या माणसासाठी. ज्याने खरे सांगितले, असेल ते दिले आणि तरीही पुरले नाही, अशासाठी. बाल्झाक त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवत नाही. त्यामुळे वाचक पुस्तक मिटतो तो हे ठसवून घेऊन, की पूर्ण फेड झाल्याशिवाय माणूस पुन्हा माणूस होत नाही. हा ठसा घातक आहे. ताळेबंद मांडण्याचा दिवस लोक पुढे ढकलत राहतात, ते या ठशामुळेच.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कादंबरीत मादाम मादू नावाची बाजारातली व्यापारीण आहे. तेलासाठी लागणारी हेझलनट फळे तिने पुरवलेली असतात. ती दुकानात घुसून आपले पैसे मागते. तिच्या कष्टाच्या पैशांचे काय? आमचे उत्तर असे: तिचा हक्क खराच आहे, आणि म्हणूनच तिला पहिल्याच दिवशी खरी स्थिती कळायला हवी. तिचे जास्तीत जास्त नुकसान होते ते बिरोतोच्या फिरतीच्या काळात, अर्जामुळे नव्हे. आणि कायदा सगळ्यांनाच सोडून देतो असेही नाही. १९०९ च्या कायद्यात मुक्ततेचा आदेश मिळाला तरी फसवणुकीने काढलेल्या कर्जातून सुटका नाही. कांटला हे कलम आवडले असते.

मराठीत आपण ‘दिवाळे’ म्हणतो. बुडालेला व्यापारी पेढीवर भरदिवसा मोठा दिवा लावून ठेवी, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. जुन्या इंग्रजी कोशकारांनी ही हकीगत नोंदवली आहे, व्युत्पत्ती वादग्रस्त असल्याचे सांगून. शिवाय त्याच हकिगतीत असेही आहे, की दिवा लावून तो माणूस काही काळ दडून बसे, आणि हिशेब उघड झाल्यावर देणेकऱ्यांचे समाधान होई. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, या चित्रात दोन्ही गोष्टी आहेत: दडून बसणे आणि उजेड दाखवणे. आपण ‘दिवाळखोर’ ही शिवी करून दडण्याचीच बाजू लक्षात ठेवली.

कायद्याची आजची स्थिती थोडी अर्धवट आहे. २०१६ च्या नव्या संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, पण तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकीच्यांना जुन्या दोन कायद्यांकडेच जावे लागते. १९०९ च्या मूळ मजकुरात अवजारे, कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी मिळून ३०० रुपयांपर्यंतची चीजवस्तू ऋणकोला ठेवता येते. रक्कम हास्यास्पद झाली असली तरी तिच्यामागचा विचार शाबूत आहे: उद्या काम करता यावे आणि रात्री झोपता यावे, एवढे माणसाकडे राहिलेच पाहिजे.

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या ओळखीचे कुणी, या मधल्या दिवसांत असेल. वकिलाचा सल्ला वकीलच देईल. आम्ही एवढेच सुचवू, की आज एक वही घ्या. घरच्या माणसाला शेजारी बसवा. एका बाजूला सगळी देणी लिहा, मेहुण्याचेही आणि दूधवाल्याचेही. दुसऱ्या बाजूला आहे ते सगळे लिहा. आणि वही पूर्ण होईपर्यंत कुणाकडेही एक रुपया नवा मागू नका.